नकाशाचंही चावडी वाचन झालं पाहिजे

पोस्ट मोठी आहे. पण ज्याच्या नावावर गुंठाभर जरी जमीन आहे त्याने शेवटपर्यंत वाचावी ही विनंती. बाकीच्यांनी वाचली तरी नुकसान नाही, कारण तुमच्या आजोबांच्या नावावर कुठेतरी असेलच.

गेली काही वर्षं शेतीच्या प्रत्येक सरकारी घोषणेत एक शब्द हमखास येतो. जीआयएस. मराठीत भौगोलिक माहिती प्रणाली. जोडीला उपग्रह, ड्रोन, जिओ टॅगिंग, जिओ फेन्सिंग. आता तर एआय पण आलं. २०२५ च्या जूनमध्ये राज्याने शेतीसाठी वेगळं एआय धोरणच मंजूर केलं, ५०० कोटींची तरतूद जाहीर केली. चांगली गोष्ट आहे. मी या तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये लोक मला बैलगाडीत बसवतील.

माझं म्हणणं एवढंच आहे: ज्या नकाशावर हे सगळं उभं राहतंय तो नकाशा गावाने अजून तपासलेलाच नाही. आणि न तपासलेल्या नकाशावर शेतकऱ्याचा विमा, अनुदान, नुकसानभरपाई ठरायला लागली आहे.

आधी जीआयएस म्हणजे काय ते सोप्या भाषेत. शाळेत आपण ट्रेसिंग पेपर वापरायचो, आठवतंय? एका पेपरवर गावाच्या गटांच्या हद्दी. दुसऱ्यावर माती. तिसऱ्यावर ओढे-नाले आणि उतार. चौथ्यावर विहिरी. पाचव्यावर यंदाचं पीक. सगळे पेपर एकमेकांवर बरोबर ठेवले की कुठल्याही गटात बोट ठेवायचं आणि सगळी माहिती एका जागी बघायची. कॉम्प्युटरवर हेच काम करणारी व्यवस्था म्हणजे जीआयएस. यात एकच अट आहे. सगळे पेपर एकमेकांवर बरोबर बसले पाहिजेत. खालचा पेपर इंचभर सरकला तर वरचे चार पेपर कितीही भारी असू देत, उत्तर चुकणार.

आपल्या नगर जिल्ह्याला (कागदावर आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच) या गोष्टीची गरज राज्यात सगळ्यात जास्त आहे असं माझं मत आहे. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा. १७ हजार चौरस किलोमीटर, १४ तालुके. अकोल्याच्या घाटघर-रतनवाडीला पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस पडतो आणि भात लावतात. तिथून गाडी काढून पाथर्डी-जामखेडकडे या, बाजरी-तुरीला पण पावसाची वाट बघावी लागते. मधे प्रवरा आणि मुळेच्या लाभक्षेत्रात उसाचे फड. पारनेरच्या माळावर कांदा. शेवगाव-नेवाशाला जायकवाडीचा फुगवटा. एका जिल्ह्यात चार-पाच प्रकारची शेती आहे, आणि नियोजनाचा कागद मात्र सगळ्यांना एकच.

पावसाचंच बघा. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला तर अतिवृष्टी. तो मोजतात कुठे? महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर. मंडळात दहा-पंधरा गावं. यंत्र एका गावात आणि ढग फुटला भलत्याच गावात, असं झालं की त्या गावाने काय करायचं? इतकी वर्षं बातम्या करताना हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय, "आमच्याकडं बांध फुटले अन् मंडळात पाऊस नाही म्हणत्यात." यावर उत्तर उपग्रह देऊ शकतो. युरोपचा सेंटिनेल-१ हा रडार असलेला उपग्रह ढगाच्या आडूनही साचलेलं पाणी टिपतो. सेंटिनेल-२ दर पाच दिवसांच्या आसपास त्याच शेतावरून जातो आणि त्याची चित्रं जगात कुणालाही फुकट मिळतात. म्हणजे तंत्रज्ञान शेतकऱ्याच्या बाजूने उभं राहू शकतं. प्रश्न ते कोण वापरतं आणि कशासाठी, याचा आहे.

आता गंमत सांगतो. सेंटिनेल-२ च्या चित्रातला सगळ्यात बारीक ठिपका जमिनीवर १० मीटर बाय १० मीटरचा असतो. आणि आपला गुंठा? ३३ फूट बाय ३३ फूट. ३३ फूट म्हणजे १० मीटर आणि वर सहा सेंटिमीटर. म्हणजे आकाशातल्या उपग्रहाचा एक ठिपका बरोबर आपल्या एका गुंठ्याएवढा! इंग्रजांच्या काळात मोजणीवाले जी शंकूसाखळी ओढत फिरायचे ती ३३ फुटांचीच होती, १६ आण्यांची. दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी माप परत तिथेच येऊन थांबलं.

पण माप जुळलं म्हणून नकाशा जुळत नाही. इथेच सगळी गोम आहे.

आपल्याकडे शेतवार मोजणी सुरू झाली १८३० च्या दशकात. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी पद्धत सुरू केली आणि मग ती दख्खनभर पसरली. साखळी ओढायची, टिपण करायचं, त्यावरून नकाशा काढायचा. त्या काळाच्या मानाने अफाट काम आहे, त्यांना नावं ठेवायची माझी लायकी नाही. पण त्या मोजणीचा हेतू एकच होता: शेतसारा ठरवणं. त्यात अक्षांश-रेखांश नव्हते.

त्यानंतर १९४७ चा तुकडेबंदी-तुकडेजोड कायदा आला आणि पुढे गावोगाव एकत्रीकरण योजना झाली. सर्व्हे नंबर गेले, गट नंबर आले. कागदावर तुकडे जोडले गेले, शेतात मात्र बऱ्याच गावांत माणसं होती तिथेच कसत राहिली. बांध जुना, गट नवा. "ताबा एकीकडं अन् सातबारा दुसरीकडं" हे वाक्य आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही तहसील कचेरीच्या आवारात उभं राहिलात तर चहा संपायच्या आत कानावर पडेल. हे मी एकटाच म्हणत नाही. सरकारलाही हे माहीत आहे, म्हणून तर जानेवारी २०२३ मध्ये सलोखा योजना आणली. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं किमान १२ वर्षं चालू असेल तर एक हजार मुद्रांक शुल्क आणि एक हजार नोंदणी फी, एवढ्यात अदलाबदल. प्रश्नच नसता तर योजना कशाला काढली असती?

त्यावर तिसरा थर पोटहिश्श्यांचा. चार भावांत वाटणी होते, पुढे त्यांच्या पोरांत. सातबाऱ्यावर नावं वाढत जातात, गटाच्या नकाशात मात्र आतली एकही रेघ वाढत नाही. महाभूनकाशाच्या साइटवर जाऊन आपला गट उघडून बघा. अनेकांना गटाची बाहेरची हद्द दिसेल. आत तुमचं शेत नेमकं कुठलं, ते दिसणार नाही.

आता या जुन्या नकाशांचं काय केलं जातंय? ते स्कॅन केले, कॉम्प्युटरवर रेघा ओढल्या आणि उपग्रहाच्या चित्रावर नेऊन बसवले. बसवताना नकाशा रबरासारखा इकडे ताणावा लागतो, तिकडे दाबावा लागतो, कारण मूळ साखळीमोजणीत थोडा फरक असतोच, आणि जुना कागद किंवा कापड दमट हवेत आकसतं-फुगतं. समजा नकाशा १ ला ५००० या प्रमाणाचा आहे. त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ जमिनीवर अडीच मीटर रुंद होते. म्हणजे नुसत्या रेघेच्या जाडीतच बांध, पाणंद आणि भांडण तिन्ही मावतात.

आणि या नकाशावर काय काय टेकलंय ते बघा.

ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर पीक नोंदवायचं, ही कल्पना मला मनापासून आवडलेली आहे. तलाठी आप्पांनी चावडीत बसून "मागच्या वर्षीप्रमाणे" लिहायचे दिवस त्यामुळे संपले. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत गटाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश आले, म्हणजे तुम्ही लांबून फोटो काढत असाल तर ॲप सांगतं. त्यानंतर ॲग्रिस्टॅक आलं. त्याचे तीन पाय: शेतकऱ्यांची नोंद, हंगामातल्या पिकांची नोंद आणि अक्षांश-रेखांशांसह गावाचे नकाशे. शेतकरी ओळख क्रमांक एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी सक्तीचा झाला. पीकविम्यातही २०२३ पासून काही पिकांसाठी उपग्रहाच्या मदतीने काढलेल्या उत्पादनाला किमान ३० टक्के वजन द्यायचं ठरलं.

आता समजा एक गट आहे, बावीस एकरांचा, खातेदार नऊ. त्यातल्या एका बाईंचं शेत ताब्याप्रमाणे ओढ्याच्या कडेला आणि नकाशाप्रमाणे शेजारच्या गटात. त्या आपल्या कांद्यात उभ्या राहून फोटो काढतात. मोबाईल म्हणतो, तुम्ही गटाबाहेर आहात. मग बाई काय करणार? शेजारच्या बाजरीत जाऊन फोटो काढणार, नाहीतर नोंद सोडून देणार. पहिल्यात त्या खोट्या ठरतात, दुसऱ्यात त्यांचं पीक "नाही" ठरतं. ओढ्याला पूर आला आणि कांदा वाहून गेला तर पंचनामा कुठल्या गटाचा होणार? ॲपने त्याचं काम बरोबरच केलं. बाईही खऱ्या. खोटा ठरला तो खालचा ट्रेसिंग पेपर.

हे हवेतलं उदाहरण वाटत असेल तर सप्टेंबर २०२५ आठवा. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जतकडे काय पाऊस झाला ते सगळ्यांनी बघितलंय. पिकं तर गेलीच, पण ओढ्या-नदीकाठची माती खरडून गेली. जिथे मातीच राहिली नाही तिथे बांध कुठून राहणार? हद्दीचे दगड गाळात. अशा वेळी तुमची जमीन नेमकी कुठून कुठपर्यंत, याचा एकच साक्षीदार उरतो, तो म्हणजे नकाशा. तो साक्षीदारच खोटा निघाला तर?

आता दुसरी बाजू. महसूल किंवा कृषी खात्यातल्या माणसांशी बोललं की ते म्हणतात, "साहेब, तुम्ही शेतकऱ्याची बाजू घेता, पण बोगस विम्याचं काय?" मुद्दा खरा आहे. एक रुपयातल्या विमा योजनेत दुसऱ्याच्या जमिनीवर, सरकारी जमिनीवर विमा काढल्याची प्रकरणं उघड झाली. २०२५ च्या खरिपापासून ती योजना बंद करताना बोगस अर्ज हे मोठं कारण सांगितलं गेलं. नुकसान खऱ्या शेतकऱ्याचंच झालं. शिवाय पंचनाम्यात कुणाच्या ओट्यावर बसून याद्या तयार होतात हेही गावाला माहीत असतं. जिओ टॅग केलेला फोटो हे सगळं थांबवू शकतो. म्हणूनच मी म्हणतो की हे तंत्रज्ञान पाहिजेच. ओट्यावरच्या पंचनाम्यापेक्षा उपग्रह कधीही बरा. पण बोगसगिरी पकडायला लावलेल्या जाळ्यात खरा शेतकरी अडकला तर त्याला बाहेर यायला वाट पाहिजे. आज ती वाट तहसीलच्या खिडकीपाशी येऊन थांबते आणि खिडकीतून उत्तर येतं, "सिस्टिममध्ये तसं दाखवतंय."

उपग्रहाला सगळंच दिसतं असंही नाही. खरिपात आपल्याकडे आभाळ भरलेलं, तेव्हा साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला खाली ढग दिसतात. रडार पाणी दाखवतं, पण बाजरीत तुरीच्या ओळी किंवा उसात आंतरपीक ओळखणं कठीण जातं. राज्यातली सरासरी धारणा २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर. त्यात दोन-तीन पिकं. पाच गुंठ्यांचा लसूण म्हणजे उपग्रहाचे पाच ठिपके, त्यातले कडेचे ठिपके निम्मे शेजाऱ्याचे. तेव्हा उपग्रह म्हणतो ते अंतिम, असं कुणी म्हणत असेल तर त्याला आधी शेतात आणा.

आता नियोजनाबद्दल, कारण जीआयएसचा खरा फायदा तिथे आहे आणि तिथेच आपण कमी पडतोय.

आपल्या जिल्ह्याने हे काम कॉम्प्युटर नसताना करून दाखवलंय. हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली काय केलं? पडलेला पाऊस मोजला, पाण्याचा ताळेबंद मांडला आणि त्यावरून पीक ठरवलं. शेतीसाठी बोअरवेल बंद, ऊस-केळी बंद. फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात आणि वॉटर संस्थेच्या कामात, संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांत, गटवार नियोजन झालं. प्रत्येक शेतात नवरा-बायको दोघांना उभं करायचं, माती-उतार बघायचा आणि इथे बांध की झाडं की गवत, हे त्यांच्याच तोंडून ठरवायचं. तोही एक प्रकारचा जीआयएसच होता. फरक एवढा की नकाशा ज्याच्या शेताचा, तो माणूस नकाशा काढताना तिथे हजर होता.

नव्या काळातही हे जमतं. पोकरा योजनेत (नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प) मराठवाडा, विदर्भ आणि जळगावच्या पाच हजारांवर गावांसाठी आयआयटी मुंबईच्या मदतीने गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत बसवली. पाऊस किती, मुरला किती, वाहून गेला किती, पिकाला लागतं किती. त्या पहिल्या टप्प्यात नगर जिल्हा नव्हता. आपल्याकडे राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, तिथे ड्रोन, सेन्सर, हवामान आणि पाणी व्यवस्थापनावर काम चालतं. विद्यापीठाच्या कुंपणापासून दहा किलोमीटरवरच्या ग्रामपंचायतीत मात्र गावाचा मातीचा नकाशा भिंतीवर लावलेला मला अजून दिसलेला नाही. कुणाकडे असेल तर फोटो टाका, मी स्वतः येऊन बातमी करतो.

आणि एक प्रश्न जरा टोचणारा आहे. हे सगळे उपग्रह शेतकऱ्याच्या बांधावरच का बघतात? जरा पाटावर पण बघू द्या की. कुकडीच्या कालव्याला पाणी सुटलं की वरच्या भागात किती क्षेत्र भिजलं आणि श्रीगोंदा-कर्जतच्या टेलला किती, हे उपग्रहाच्या चित्रात हिरव्या रंगात स्वच्छ दिसू शकतं. मुळा आणि भंडारदऱ्याच्या आवर्तनाचंही तसंच. जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही यावरून दर दुष्काळी वर्षी भांडण होतं, तेव्हा कुठल्या लाभक्षेत्रात ऊस किती, हे सगळ्यांसमोर नकाशावर ठेवा. उसाच्या क्षेत्राचा अंदाज घ्यायला साखर कारखान्यांची देशपातळीवरची संघटना उपग्रहाची चित्रं वापरतेच. म्हणजे ते होऊ शकतं. मग टेलच्या शेतकऱ्यासाठी का होत नाही? शेतकऱ्याचा कांदा तपासायला जे तंत्रज्ञान चालतं ते पाणीवाटप तपासायलाही चाललं पाहिजे.

तर माझ्या मागण्या. मी तज्ज्ञ नाही, पण तालुक्याच्या ठिकाणी बातमीदारी करणाऱ्या माणसाला जे दिसतं त्यावरून सांगतो.

एक. नकाशाचं चावडी वाचन करा. २०१७ मध्ये संगणकीकृत सातबाऱ्याचं गावोगाव चावडी वाचन झालं होतं. लोकांनी बसून चुका दाखवल्या, मग दुरुस्त्या झाल्या. तसंच आता उपग्रहाच्या चित्रावर बसवलेला गावनकाशा मोठ्या पडद्यावर ग्रामसभेत दाखवा. म्हातारी माणसं बोट ठेवून सांगतील, "ही विहीर आमच्या गटात दाखवलीय, ती भाऊसाहेबाची हाय." गावाइतका चांगला तपासनीस कुठल्याही कंपनीला मिळणार नाही.

दोन. ताबा आणि नकाशा जुळत नाही अशा गटांची गावनिहाय यादी करून जाहीर करा. त्या गटांत सलोख्याची किंवा दुरुस्तीची मोहीम घ्या. तोवर त्या गटांतल्या शेतकऱ्याची पीक नोंद नुसत्या अंतरावरून नाकारू नका.

तीन. पोटहिस्सा मोजणी आधी. आता रोव्हर आले आहेत, सेंटिमीटरच्या हिशोबात बिंदू मिळतो, मोजणीच्या 'क' प्रतीवर अक्षांश-रेखांश यायला लागले आहेत. हे काम अर्ज करणाऱ्यापुरतं न ठेवता सलग गाव घेऊन करा. त्यासाठी भूमी अभिलेखला माणसं द्या. भूकरमापकाच्या तारखेची वाट बघण्यात हंगाम जातात.

चार. तंत्रज्ञानाच्या आधारे अर्ज नाकारला तर कारण लेखी द्या, सोबत तो नकाशा आणि ते चित्र द्या. आणि शेतकऱ्याने हरकत घेतली तर ठरावीक दिवसांत माणूस शेतात आलाच पाहिजे.

पाच. माती, पाणी, पाऊस, पीक यांचे थर ग्रामपंचायतीला मराठीत, मोबाईलवर उघडतील असे खुले करा. गावाची माहिती आज गावाकडून वर जाते, खाली परत येत नाही. गावाला स्वतःचा नकाशा दिसल्याशिवाय गाव नियोजन कसलं करणार?

यातली एकही मागणी अंतराळातली नाही. पडदा, प्रोजेक्टर, एक शाळेची खोली आणि दोन संध्याकाळी. पहिल्या मागणीला एवढंच लागतं.

आता तुमच्यासाठी काम. आज रात्री जेवण झालं की महाभूनकाशा उघडा, आपलं गाव, आपला गट काढा. घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा आणि विचारा, "आबा, हे आपलंच हाय का?" जुळत असेल तर उत्तम. जुळत नसेल तर कमेंटमध्ये फक्त तालुका आणि गावाचं नाव लिहा. गट नंबर, नाव, फोन काही टाकू नका. पन्नास गावं जमली तरी त्यांची तालुकावार यादी करून मी जिल्हाधिकारी कार्यालयात नेऊन देणार आहे, आणि पोहोच घेऊन ती इथेच टाकणार आहे.

पटलं तर शेअर करा. पटलं नसेल तर कुठे पटलं नाही ते लिहा. महसूल आणि भूमी अभिलेखमधल्या मित्रांनीही लिहावं, तुमची अडचण मला माहीत आहे, ती पण लोकांना कळू द्या.